वायूची वाट

शहापूरहून डोळखांबला आणि डोळखांबहून पुढे चोंढ्याला जाणारा रस्ता सह्याद्रीच्या कड्याखाली येऊन थांबतो. कड्याच्या माथ्यावर, अकोले तालुक्यात, घाटघर प्रकल्पाचं वरचं धरण आहे; पायथ्याशी, शहापूर तालुक्यात, खालचं. राज्यात विजेची मागणी उतरली की खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी सुमारे चारशे मीटरवरून खाली सोडून वीज करायची, असा हा कारखाना. १२५ मेगावॉटचे दोन संच, २००८ पासूनचे. वीज साठवता येते आणि ती साठवण्यात थोडी वाया जाते, हे डोळखांबच्या पट्ट्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

त्याच ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथला, वीज करायची वेगळीच रीत गेली काही दशकं घडते आहे. तिथे पाण्याऐवजी वायू आहे, डोंगराऐवजी पाणबुडीचं पोट आहे आणि झोत, टर्बाइन वगैरे काहीच नाही. एका बाजूने हायड्रोजन आत सोडायचा, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन, आणि मधल्या पातळ थरात त्यांची गाठ पडली की वीज निघते, उष्णता निघते आणि पाणी उरतं. याला फ्युएल सेल म्हणतात. शाळेच्या पुस्तकात हे चार ओळींत संपतं, आणि चार ओळींत संपतं म्हणूनच त्यातली खरी मेख निसटते. घाटघरचं पाणी सोडलं की आपसूक खाली येतं. वायू मात्र नेमक्या जागी, नेमक्या मापाने, थेट पोचवावा लागतो आणि तयार झालेलं पाणी त्याच वाटेवरून हटवावं लागतं. फ्युएल सेलच्या इतिहासात जे जिंकले ते या वाटेची सोय लावणारे लोक होते.

सुरुवात १८३९ची. वेल्समधल्या स्वान्सीचा विल्यम ग्रोव्ह हा पेशाने वकील, पुढे न्यायाधीशही झाला, पण जीव रमायचा प्रयोगात. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात हे तेव्हा माहीत होतं. ग्रोव्हने उलटं करून पाहिलं: प्लॅटिनमच्या पट्ट्या, त्यांच्यावर उपड्या धरलेल्या नळ्यांत दोन वायू, खाली सौम्य गंधकाम्ल. काटा हलला. त्याच सुमारास बाझेलला शोनबाइनही याच निरीक्षणाभोवती घोटाळत होता. ग्रोव्हने १८४२ साली घटांची माळ जोडून 'गॅस बॅटरी' उभी केली आणि तिच्यातून निघालेल्या विजेने पुन्हा पाण्याचं विघटन करून दाखवलं.

याहून मोलाचं म्हणजे त्याच्या लक्षात आलेली एक अडचण. वायू नळीत आहे, आम्ल नळीत आहे, प्लॅटिनमही आहे, पण काम होतं ते फक्त जिथे तिघं एकमेकांना भिडतात त्या बारीक रेषेवर. पट्टी पूर्ण बुडाली तर वायू पोचत नाही. पूर्ण कोरडी राहिली तर आम्ल पोचत नाही. पट्टीचा बाकीचा सगळा भाग नुसता बसून. ही रेष लांब कशी करायची हा प्रश्न ग्रोव्हने ओळखला, सोडवला नाही. आजही जगभरच्या प्रयोगशाळा याच रेषेसाठी झटत आहेत, फक्त तिचा आता थर झाला आहे.

पन्नास वर्षांनी, १८८९ मध्ये, लुडविग मोंड आणि कार्ल लँगर यांनी नळ्या काढून टाकल्या. आम्लाने भिजलेली सच्छिद्र ताटली मध्ये ठेवली आणि तिच्या दोन्ही अंगांना भोकं पाडलेल्या पातळ प्लॅटिनमच्या पत्र्यांतून वायू घातला. मोंड कारखानदार होता. दगडी कोळशापासून निघालेला स्वस्त वायू वापरून वीज करावी हा त्याचा हिशेब. मळक्या वायूने प्लॅटिनम निकामी होऊ लागलं आणि हिशेब चुकला. तोवर डायनॅमो आला होता, आणि धंद्याने त्याचा हात धरला.

मग बरीच वर्षं सामसूम. १९३२ पासून फ्रान्सिस थॉमस बेकन या इंग्रज इंजिनिअरने हा विषय हातात घेतला आणि सोडलाच नाही. महागडं प्लॅटिनम त्याने बाजूला ठेवलं, निकेल घेतलं. आम्लाऐवजी अल्कली घेतली. त्याची खरी करामत निकेलच्या सच्छिद्र तव्यात होती. तव्याला त्याने दोन थर दिले: वायूच्या बाजूला मोठी छिद्रं, द्रवाच्या बाजूला बारीक. वायूचा दाब थोडा जास्त ठेवला की तो मोठ्या छिद्रांतला द्रव मागे रेटतो, पण बारीक छिद्रांतल्या द्रवाला रेटू शकत नाही, कारण तिथे पृष्ठताणाची पकड जबर असते. त्यामुळे वायू आणि द्रव यांची सीमा बरोबर दोन थरांच्या मध्ये अडकून राहते. दाब कमी पडला तर वायूच्या बाजूला द्रव शिरतो. जास्त झाला तर द्रवात बुडबुडे सुटतात. ग्रोव्हची ती चिमूटभर रेष आता सगळ्या तव्याच्या आत पसरली. १९५९ साली केंब्रिजमध्ये बेकनने चाळीस घटांचा संच चालवून दाखवला; त्यावर वेल्डिंग झालं, लाकूड कापायची चक्राकार करवत फिरली, माल उचलणारी गाडी चालली. सत्तावीस वर्षांनी हाती आलेलं हे फळ. हे तंत्र पुढे अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने घेतलं आणि अपोलो यानांना वीज पुरवली.

अवकाशात फ्युएल सेलची खरी परीक्षा झाली, आणि दोन्ही वेळा प्रश्न वायूच्या वाटेचाच निघाला.

२१ ऑगस्ट १९६५ला जेमिनी-५ उडालं. गॉर्डन कूपर आणि पीट कॉन्राड आत. फ्युएल सेलवर चालणारं हे पहिलंच समानव यान. घट जनरल इलेक्ट्रिकचे, त्यात आम्लाऐवजी प्लॅस्टिकचा पडदा. उड्डाणानंतर दोन-अडीच तासांत ऑक्सिजनच्या टाकीतला दाब कोसळायला लागला. टाकीत अतिथंड ऑक्सिजन होता. त्याला थोडी ऊब देऊन दाब राखणारा हीटर बंद पडला होता. प्रति चौरस इंच ८५० पौंडांवरचा दाब ७० पौंडांच्याही खाली आला. घट तंदुरुस्त, हायड्रोजन भरपूर, ऑक्सिजनसुद्धा टाकीत आहे, पण पुढे ढकलणारा दाब नाही. यानातली बहुतेक उपकरणं बंद केली गेली आणि मोहीम अर्धवट सोडायची वेळ आली. मग जमिनीवर तसाच घट तसल्याच कमी दाबावर चालवून पाहिला आणि तो चालला. प्रवाह हळू, म्हणून वीज कमी. पण कमी मागितली तर देतो. एकेक उपकरण पुन्हा सुरू करत जेमिनी-५ ने जवळजवळ आठ दिवस काढले.

अपोलो-१३ची हकिगत सर्वांना माहीत आहे, तिच्यातला हा तपशील तेवढा परिचित नाही. एप्रिल १९७० मध्ये ऑक्सिजनची दुसरी टाकी फुटली. तीनपैकी दोन फ्युएल सेल सुमारे तीन मिनिटांत मेले. त्यांना स्फोटाने इजा झाली नव्हती. धक्क्याने त्यांच्या ऑक्सिजनच्या नळीवरचे व्हॉल्व्ह आपटून बंद झाले होते. नळीत उरलेल्या ऑक्सिजनवर ते तीन मिनिटं तगले. तिसरा घट पहिल्या टाकीतून गळणाऱ्या ऑक्सिजनवर आणखी थोडा वेळ चालला. घट गेले तशी वीज गेली, आणि घटांतून मिळणारं पिण्याचं पाणीही गेलं. माणसं वाचली ती चांद्रयानाच्या बॅटऱ्यांवर.

या दोन प्रसंगांमागचं गणित साधं आहे आणि ते मायकेल फॅरडेच्या काळापासून ठरलेलं आहे. एका घटातून १ अँपिअर प्रवाह घ्यायचा तर मिनिटाला सुमारे ७ मिलिलिटर हायड्रोजन आणि त्याच्या निम्मा ऑक्सिजन लागतो. यात घासाघीस चालत नाही. प्लॅटिनम चांगलं असो की वाईट, माप हेच. एक घट काम करताना जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट देतो, म्हणून शंभर-शंभर घट एकावर एक रचून माळ करावी लागते. तिला स्टॅक म्हणतात. १० किलोवॉटच्या स्टॅकला मिनिटाला शंभर लिटरच्या वर हायड्रोजन लागतो. ऑक्सिजन हवेतून घ्यायचा तर हवा गरजेच्या दुप्पट फिरवतात, म्हणजे मिनिटाला पाचशे लिटर. आणि तासाला पाच लिटर पाणी तयार होतं. एवढं पाणी कागदाइतक्या पातळ थरांच्या चळतीतून बाहेर काढायचं, तेही ज्या खाचांतून हवा आत येते त्याच खाचांतून.

दुप्पट हवा कशाला? कारण हवेत पाचातले चार भाग नायट्रोजन असतो. खाचेच्या सुरुवातीच्या भागाला ताजी हवा मिळते, शेवटच्याला उष्टी. मापात दिली तर शेवटच्या टोकाला नुसता नायट्रोजन उरतो. मग तिप्पट-चौपट का देऊ नये? एक तर पंखा किंवा कंप्रेसर तुमचीच वीज खातो. दुसरं, फार वारा लागला की पडदा सुकतो. आणि प्लॅस्टिकचा पडदा ओला असेल तरच प्रोटॉन पलीकडे जाऊ देतो. कमी वारा दिला तर पाणी साचून छिद्रं बुजतात, जास्त दिला तर पडदा कोरडा पडतो. या दोन्हींच्या मधली पट्टी अरुंद आहे, आणि मागणी बदलली की ती पट्टीही सरकते.

या घटाच्या कामगिरीचा आलेख पाहिला की हे डोळ्यांना दिसतं. कमी विजेवर व्होल्ट झटकन पडतो, कारण ऑक्सिजन प्लॅटिनमवर सहजासहजी तुटत नाही. मध्ये आलेख सावकाश, सरळ रेषेत उतरतो. तो साहित्याच्या रोधाचा भाग. आणि मग एका जागी एकदम कडा. जितका वायू थरातून झिरपून उत्प्रेरकापर्यंत पोचतो त्याहून अधिक मागितलं की व्होल्ट कोसळतो. वायू बाहेर भरपूर आहे, आत पोचत नाही. हा कडा जितका उजवीकडे सरकवता येईल तितकी त्याच आकाराच्या स्टॅकमधून जास्त वीज. खाचांची नक्षी, कार्बनच्या कागदाची छिद्रं, त्यावर दिलेला टेफ्लॉनचा हात हे सगळे खटाटोप याच कड्यासाठी.

नक्षीचं म्हणाल तर ती डोळखांबच्या भाताच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. डोंगराकडून आलेलं पाणी सगळ्या खाचरांना एकाच वेळी वाटून द्यायचं असेल तर एखाद्या खाचराचं तोंड गाळाने बुजतं आणि पाणी उरलेल्यांतून निघून जातं. बुजलेलं खाचर कोरडं पडतं आणि वरून ते कळतही नाही. याउलट वरच्या खाचरातून खालच्यात, खालच्यातून त्याच्या खालच्यात असं नागमोडी नेलं तर कुठे बुजलं की मागे पाणी तुंबतं आणि त्या दाबाने वाट मोकळी होते. पण शेवटच्या खाचराला पाणी पोचवायला वरून जोर जास्त लागतो. फ्युएल सेलच्या प्लेटवरच्या समांतर खाचा आणि नागमोडी खाचा यांच्यातला सौदा अगदी हाच आहे. तिसरा प्रकारही आहे: खाचा पुढे मुद्दाम बंद करायच्या, म्हणजे वायूला बाजूच्या सच्छिद्र थरातूनच पलीकडच्या खाचेत घुसावं लागतं. त्यात वायू थेट उत्प्रेरकावर जातो, पण पंपाचा जोर वाढतो. जगात सगळ्यांनी मान्य केलेली एकच नक्षी आजही नाही.

हायड्रोजनच्या बाजूची चूक तर महागातच पडते. माळेतल्या एखाद्या घटाला हायड्रोजन अपुरा पडला तरी बाकीचे घट त्याच्यातून तितकाच प्रवाह रेटतात. तो बिचारा देणार कुठून? त्याचं व्होल्ट उलटं होतं आणि हायड्रोजनच्या जागी त्याच्या उत्प्रेरकाखालचा कार्बनच जळू लागतो. एकदा कार्बन गेला की तो घट परत येत नाही. शंभर घटांची किंमत एका उपाशी घटावर ठरते. त्यामुळे हायड्रोजन थोडा जास्तच देतात, उरलेला पुन्हा फिरवतात आणि आत साचलेला नायट्रोजन व पाणी मधूनमधून व्हॉल्व्ह उघडून झटकतात. उघड्या रस्त्यावर झटकणं सोपं. बंद पोलादी नळकांड्यात, समुद्राखाली, ते जवळजवळ अशक्य.

आणि इथे आपण अंबरनाथला येतो.

अंबरनाथ म्हटलं की लोकांना शिलाहारांचं शिवमंदिर आठवतं, ऑर्डनन्स फॅक्टरी आठवते, जुन्या माणसांना विमकोच्या काडेपेट्या आठवतात. शीळ-बदलापूर रस्त्यावरच्या आनंदनगरातली नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी, एनएमआरएल, फारशी कुणाच्या तोंडी नसते. ही प्रयोगशाळा १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत सुरू झाली. रंग, गंज, धातू, रबर असली जहाजांची रोजची दुखणी बघायला. पुढे ती संरक्षण खात्याच्या डीआरडीओत आली आणि अंबरनाथला हलली. या औद्योगिक पट्ट्याला पाणी येतं बारवी धरणाचं, ज्याच्या फुगवट्याखाली मुरबाड तालुक्यातल्या गावांची जमीन गेली. सरकारी प्रयोगशाळांच्या पराक्रमाबद्दल लिहिताना हा खर्च सहसा मांडला जात नाही, म्हणून इथे नोंदवला.

डिझेल-विजेवरच्या पाणबुडीची अडचण जुनीच. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते. बॅटरी संपत आली की हवा घ्यायला नळी वर काढून डिझेल इंजिन सुरू करावं लागतं, आणि तेव्हाच ती शत्रूला सापडते. हवेवाचून वीज करणारं यंत्र आत असेल तर पाण्याखालचा मुक्काम कितीतरी पटींनी वाढतो. याला एआयपी म्हणतात. जर्मनांनी २१२ वर्गाच्या पाणबुड्यांत प्लॅस्टिक पडद्याचे फ्युएल सेल घातले आणि हायड्रोजन धातूच्या चूर्णात मुरवून ठेवला. या घटांना अत्यंत शुद्ध हायड्रोजन लागतो.

एनएमआरएलने दुसरी वाट धरली: फॉस्फरिक आम्लाचा घट. हा प्रकार जुना आणि जरा बोजड. १९९०च्या दशकात अमेरिकेत इमारतींना वीज पुरवणारे २०० किलोवॉटचे असे संच विकले गेले होते. तो १५० ते २०० अंशांवर चालतो. इतक्या उष्णतेत तयार होणारं पाणी वाफ होऊनच निघतं, म्हणजे खाचा तुंबण्याचा अर्धा त्रास जन्मालाच येत नाही. शिवाय हायड्रोजन थोडा मळका असला तरी त्याला चालतो. मोंडच्या प्लॅटिनमला मारणारा कार्बन मोनॉक्साइड तो शेकडा एक-दोन भागापर्यंत सोसतो. मात्र त्याचे स्वतःचे नखरे आहेत. शुद्ध फॉस्फरिक आम्ल चाळीस-बेचाळीस अंशांखाली गोठतं, म्हणून संच बंद असतानाही त्याला ऊब द्यावी लागते. आम्ल सिलिकॉन कार्बाइडच्या पातळ थरात शोषून ठेवलेलं असतं. दोन्ही बाजूंच्या वायूंच्या दाबात फरक पडला तर वायू तो थर फोडून पलीकडे जातो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना भलत्या जागी भेटले तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. बेकनला दाबातला फरक हवा होता; फॉस्फरिक आम्लवाल्याला तो नको असतो, आणि संच चालू होताना, बंद होताना, मागणी झटक्यात बदलताना तो नेमका निर्माण होतो.

अंबरनाथकरांचा दुसरा निर्णय याहून धाडसाचा: हायड्रोजन बरोबर न्यायचाच नाही, पाणबुडीतच तयार करायचा. सोडियम बोरोहायड्राइड नावाचा पांढरा क्षार पाण्याशी उत्प्रेरकाच्या साक्षीने भिडला की हायड्रोजन सुटतो. यातला निम्मा हायड्रोजन पाण्यातून येतो, त्यामुळे एक किलो क्षारामागे दोनशे ग्रॅमहून अधिक हायड्रोजन मिळतो. दाबाखालच्या नळकांड्यांचं भय गेलं. पण वायूचा प्रवाह आता एका रासायनिक भांड्याच्या हाती आला. पाणबुडीच्या कप्तानाने वेग वाढवला की वीज त्या क्षणी हवी, आणि भांड्यातली क्रिया तिच्या गतीने वाढते. मागणी उतरली तरी भांडं काही क्षण वायू देतच राहतं. तो ठेवायचा कुठे? हवेत शेकडा ४ भाग हायड्रोजन झाला तरी ठिणगीला पुरे. म्हणून क्षार आत सोडण्याचा वेग, वायूचा दाब, ऑक्सिजनचा दाब आणि स्टॅकची मागणी हे चौघं एकाच तालात चालवावे लागतात, आणि चढउतार बॅटरीने झेलावे लागतात. पुण्याची थरमॅक्स आणि लार्सन अँड टुब्रो या दोन कंपन्या या कामात सोबत होत्या. मोंडला कारखाना होता पण बाजार नव्हता. इथे गिऱ्हाईक एकच, नौदल, आणि ते थांबायला तयार होतं.

थांबावं लागलंही. माझगाव गोदीत बांधायच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार २००५ मध्ये झाला. शेवटच्या दोन पाणबुड्यांत देशी एआयपी बसवायचा विचार होता; तो जमला नाही. आयएनएस कलवरी १४ डिसेंबर २०१७ला नौदलात आली, सहावी वागशीर १५ जानेवारी २०२५ला, सहाही एआयपीशिवाय. मधल्या काळात, ८ मार्च २०२१ रोजी, एनएमआरएलने जमिनीवरच्या नमुन्यावर आपला संच सिद्ध केला. दीर्घकाळ सावकाश चालवणं आणि कमाल शक्तीवर चालवणं, अशा दोन्ही रीतींनी तो चालवून दाखवला गेला. घटाच्या आलेखातला मधला सरळ उतार आणि शेवटचा कडा, दोन्हींची ही परीक्षा.

पुण्याची गोष्ट समांतर चालली होती, आणि वेगाने. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्लॅस्टिक पडद्याच्या घटावर काम करणाऱ्यांत आशिष लेले होते. त्यांचं मूळ क्षेत्र द्रव कसे वाहतात याचं शास्त्र, ज्यासाठी त्यांना २०१२चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. वाहण्याच्या जाणकाराने फ्युएल सेलकडे वळावं यात नवल वाटू नये. २०१६ पासून या प्रयोगशाळेने, कारैकुडीच्या सीईसीआरआय या विद्युत-रसायन संस्थेने आणि रवी पंडित यांच्या केपीआयटी कंपनीने मोटारीसाठीचा घट हाती घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये पाच जणांची एक गाडी त्यावर धावली: १० किलोवॉटचा स्टॅक, ३५० बार दाबाच्या टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन, अपेक्षित पल्ला सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यातली नजरेत भरणारी गोष्ट प्लेट. नेहमीच्या ग्रॅफाइटऐवजी अगदी पातळ धातूचा पत्रा दाबून त्यावर खाचा उठवलेल्या. एका अंगाला हायड्रोजनची खाच उठते तेव्हा दुसऱ्या अंगाला आपोआप दुसरी तयार होते. स्टॅकचं वजन त्यामुळे दोन-तृतीयांशाने घटलं. हा घट ६५ ते ७५ अंशांवर चालतो, म्हणजे इथे पाणी पाणीच राहतं आणि ओलं-कोरडं सांभाळण्याची ती जुनी कसरत आलीच. २१ ऑगस्ट २०२२ला पुण्यात याच मंडळींची बस दाखवली गेली.

अंबरनाथच्या संचाला मात्र पाणबुडीच हवी. ३० डिसेंबर २०२४ला संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला: एआयपी बसवलेला पाणबुडीचा एक अख्खा तुकडा बांधायचा, पाणबुडी कापायची आणि तो मध्ये जोडायचा.

याच सगळ्यात एक विसंगती आहे आणि ती बोलून दाखवली पाहिजे. जुलै २०२१ मध्ये, अंबरनाथचा संच जमिनीवर सिद्ध झाल्यावर चारच महिन्यांनी, पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी निघालेल्या प्रस्तावात समुद्रात सिद्ध झालेला एआयपी मागितला गेला. अर्थातच ती अट परदेशी कंपन्याच पुरी करू शकत होत्या. आपल्याच प्रयोगशाळेवर हा अविश्वास का, असं म्हणण्याचा मोह होतो. पण वायूच्या वाटेचा इतिहास पाहिला तर नौदलाची अट चुकीची ठरत नाही. जेमिनीचा हीटर जमिनीवर चालला होता. अपोलोचे व्हॉल्व्ह जमिनीवर उघडे राहिले होते. पाणबुडी डुबकी मारताना नाक खाली घालते, लाटेत कलंडते, भांड्यातला द्रव एका बाजूला सरकतो, आणि दाबातला जो फरक अंबरनाथच्या सपाट जमिनीवर कधी दिसला नाही तो तिथे दिसू शकतो. चूक असेल तर ती अट घालण्यात नाही; हा संच समुद्रात नेऊन पाहायला, जुनी असली तरी एखादी पाणबुडी, वीस वर्षांत त्याला मिळाली नाही यात आहे. मार्च २०२१ पासून डिसेंबर २०२४पर्यंतची पावणेचार वर्षं कागदावर गेली. त्याहून कमी वेळात पुण्याच्या घटाने मोटारीपासून बसपर्यंत मजल मारली होती.